छपराखालचा बीएमएक्स ट्रॅक : आधी वाफसा, मग उड्या

ओहायोत नोव्हेंबर सरता सरता जमीन गोठते आणि बाहेरचे बीएमएक्स ट्रॅक मार्चअखेरपर्यंत बंद होतात. वीस इंची चाकांच्या सायकली चार महिने गॅरेजमध्ये टांगून ठेवायच्या नसतील, तर कुठलातरी मोठा हॉल भाड्याने घ्यायचा, आत शंभर-सव्वाशे ट्रक माती ओतायची आणि ट्रॅक उभा करायचा. इथे गावोगावी जत्रेच्या मैदानावर घोड्यांच्या आणि गुरांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेले असे हॉल असतात, हिवाळ्यात रिकामेच पडलेले. मुलीच्या नादाने मी यात ओढला गेलो. गेली सहा वर्षं थंडी पडली की फावडं हातात असतं. पहिल्या वर्षी आम्हाला काहीच येत नव्हतं. तेव्हा कुणी शेजारी बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहितो आहे.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींची नक्कल करत छोट्या सायकली मातीत पळवू लागली, तिथून बीएमएक्स आलं. २००८ मध्ये बीजिंगला ते ऑलिंपिकमध्ये पोचलं. आठ जण एका ओळीत टेकाडावर उभे राहतात, पुढचं फाटक खाली पडतं, आणि उड्या, उंचवटे, तिरकी वळणं पार करत अर्ध्या-पाऊण मिनिटात शर्यत संपते. छपराखालचा ट्रॅक म्हणजे काहीतरी तात्पुरती सोय असंही समजू नका. यूएसए बीएमएक्स या अमेरिकी संघटनेची 'ग्रँड्स' ही नावाजलेली शर्यत थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात टल्सा शहरात एका प्रदर्शन हॉलमध्ये माती आणून भरवली जात आली आहे. २०१२ची जागतिक स्पर्धा बर्मिंगहॅमला, २०१३ची ऑकलंडला आणि २०१४ची रॉटरडॅमला झाली, तिन्ही बंद हॉलमध्ये. मँचेस्टरमध्ये तर २०११ पासून कायमचा इनडोअर ट्रॅक आहे.

बाहेरच्या ट्रॅकवर पाणी घालवायची काळजी असते, चर काढा, उतार द्या. हॉलमध्ये ना पाऊस ना दव. मातीतली ओल एकदा उडाली की उडाली. ती तुम्ही पाइपाने परत द्यायची. शिवाय वर हीटर चालू असतात. म्हणून या कामात उड्यांची उंची आणि वळणांची ऐट हे सगळं नंतरचं. आधी वाफसा. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, हाताला गार लागते पण चिकटत नाही, ती अवस्था.

हॉल बघायला जाताना

टेप, टॉर्च आणि वही घेऊन जा. पहिलं बघायचं ते खाली.

चोपलेल्या मातीचा एक फूट जाडीचा थर एका चौरस फुटावर साधारण ५४ किलो भार टाकतो. सात फूट उंचीचं वळण म्हणजे चौरस फुटाला पावणेचारशे किलो. जमिनीवरच ओतलेला कॉंक्रीटचा कोबा हे सहज पेलतो. पण खाली तळघर असेल, किंवा वायरिंग-पाण्यासाठी झाकणं घातलेले चर असतील, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंही टाकू नका. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असे चर हमखास असतात. प्रत्येक झाकणावर खूण करा आणि त्यावरून मातीचा ट्रक जाणार नाही असा रस्ता ठरवा.

मग वर बघा. आठ फुटांच्या टेकाडावर पेडलवर उभा राहिलेला मोठा माणूस म्हणजे सोळा फूट झाले, त्यावर दोन-चार फूट मोकळे हवेत. उड्यांच्या वर कुठे हीटरचा डक्ट, कुठे आग विझवण्याच्या फवाऱ्याची तोटी लोंबत असते. नकाशावर ही सगळी लोंबती मंडळी टिपून ठेवा. ट्रकचंही डोकं मोजा: डंपरने मागचा हौदा पूर्ण उचलला की वीस फुटांच्या वर जातो. छत त्याहून खाली असेल तर माती दाराबाहेर ओतून बॉबकॅटने, म्हणजे छोट्या लोडर यंत्राने, आत न्यावी लागते. कामाचे दिवस दुप्पट होतात, भाड्याचेही.

खांब असतील तर ते ट्रॅकच्या कडेपासून निदान सहा फूट लांब राहतील असा आराखडा करा आणि तरीही त्यांना माणसाच्या उंचीपर्यंत जाड फोम गुंडाळा. आपत्कालीन दारं मातीने अडवायची नाहीत. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं ट्रॅकच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ शकतील अशी वाट ठेवायची. तिच्यात कुणी सायकली, बाकं, खाण्याचे स्टॉल घुसवायला लागलं तर भांडा.

पाण्याचा नळ कुठे आहे आणि त्याला दाब किती, हे विचारायला सगळे विसरतात. बागेच्या पाइपाने एवढा ट्रॅक भिजवायला चार तास लागतात, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

आणि हवा. बॉबकॅट, रोलर, कॉम्पॅक्टर बंद जागेत दिवसभर चालले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, डोकं दुखायला लागलं की थंडीमुळे असेल असं वाटतं. गॅसवर चालणारी यंत्रंही तो सोडतात. मोठे पंखे, समोरासमोरची दारं उघडी आणि कामाच्या उंचीवर लावलेले दोन-तीन अलार्म. बाहेर उणे दहा असलं तरी दारं उघडीच.

कागदावर

जागतिक संघटना, म्हणजे यूसीआय, ३०० ते ४०० मीटर लांबीचा ट्रॅक मागते. सुरुवातीला रुंदी दहा मीटर आणि पुढे कुठेही पाचच्या खाली नाही. क्लबच्या हिवाळी ट्रॅकला एवढं लागत नाही. आमचा हॉल २५० फूट लांब, १५० रुंद आहे. त्यात चार सरळ पट्ट्या आणि तीन वळणं, म्हणजे नागमोडी रचना बसते आणि मधल्या रेषेवर मोजलं तर सव्वाआठशे फूट, साधारण २५० मीटर भरतात. पट्ट्या वीस फुटी, पहिली मात्र तीस फुटी, कारण तिथे आठही जण एकमेकांच्या कोपरात कोपर घालून असतात.

नवखे लोक नकाशा काढताना सुरुवात उड्यांपासून करतात. तुम्ही तीन जागा आधी ठरवा: टेकाड, शेवटची रेषा आणि तिच्यापुढची थांबायची जागा. तिसरी गोष्ट हॉलमध्ये कायम कमी पडते. शेवटची रेषा ओलांडलेल्या आठ जणांना समोर भिंत दिसता कामा नये. जागा नसेल तर शेवटी एक सौम्य चढ द्या. वेग आपोआप मरतो.

नकाशा झाला की चुन्याची फक्की घेऊन तो हॉलच्या जमिनीवर खऱ्या मापाने आखा. लाइनदोरी, टेप आणि तीन-चार-पाचचा काटकोन, गवंडी पाया आखतो तसंच. मग त्या आखणीवरून सायकल चालवून बघा. सपाट जमिनीवरसुद्धा वळण आवळ आहे की नाही ते लगेच कळतं, आणि फक्की झाडूने पुसता येते.

माती किती लागेल

इथले लोक घनयार्डात मोजतात. मी अजून ब्रासमध्ये मोजतो, कारण शंभर घनफुटांचं गणित तोंडी होतं.

एक टेबलटॉप घ्या, म्हणजे वर सपाट असलेली उडी. उंची ४ फूट, चढ १० फुटांत, वरचा सपाट भाग १२ फूट, उतार १४ फूट. बाजूने पाहिलं तर क्षेत्रफळ : ४ गुणिले (५ + १२ + ७), म्हणजे ९६ चौरस फूट. रुंदी २० फूट. झाले १९२० घनफूट, १९ ब्रास. पण ही चोपलेली माती. ट्रकमधून येते ती भुसभुशीत, तेव्हा पाचवा ते चौथा हिस्सा जास्त धरा. चोवीस ब्रास. इथला मोठा डंपर चार-सव्वाचार ब्रास आणतो, म्हणजे एका उडीला सहा ट्रक.

हेच संपूर्ण ट्रॅकचं करा. सरळ पट्ट्यांवर सरासरी दीड फूट माती धरली तर दोनशे ब्रास. तीन वळणं मोजली तर पुन्हा दोनशे! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी चुकलो असं समजून तीनदा मोजलं. चूक नव्हती. वळणाच्या भिंतीला आतून वक्र, वर दोन फूट माथा आणि मागून आधाराचा उतार लागतो, आणि हे सगळं बाहेरच्या लांब कमानीवर. त्यामुळे अर्धी माती तीन वळणं खाऊन जातात. एकूण चारशे ब्रास चोपलेली, पाचशे ब्रास आणलेली, सव्वाशेच्या आसपास फेऱ्या. टेकाड यात धरलेलं नाही. ते मातीचं केलं तर आणखी सत्तर ब्रास. म्हणून हॉलमध्ये टेकाड लोखंडी सांगाड्यावर जाड प्लायवूड ठोकून करणं परवडतं, पुढच्या वर्षी तेच नटबोल्ट उघडून परत वापरता येतं.

कुठली माती

वरची काळसर, मुळं-पालापाचोळ्याची सुपीक माती नको. ती स्पंजसारखी दबते आणि कुजते. नुसती वाळू उभी राहत नाही. नुसती चिकण माती वाळली की भेगाळते आणि ओली झाली की साबण होते. आपल्याकडची कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात कशी हातभर फाटते ते आठवा. तसली माती फुकट मिळाली तरी ट्रॅकला घेऊ नये. हवी ती पोयट्याकडे झुकणारी, चिकण अंश पाव ते तिसरा हिस्सा असलेली, चाळलेली, अंगठ्याच्या नखाएवढ्यापेक्षा मोठा खडा नसलेली माती.

ट्रकवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, त्याच्या ढिगावर जा. तीन ठिकाणची माती घ्या, वरची नाही, हात कोपरापर्यंत आत घालून. थोडी ओली करून अंगठा आणि बोटाच्या मधून पट्टी काढत सरकवा. एक इंचाच्या आत तुटली तर चिकण अंश कमी. दोन इंचांहून लांब लोंबली तर जास्त. मधली असेल तर काम होईल. मग काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन-तीन तासांत बसतो तो गाळ, दुसऱ्या दिवशी वर जो साय धरल्यासारखा थर दिसतो ती चिकण माती. पट्टीने थर मोजा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑक्टोबर महिन्यात अशा चार-पाच बरण्या असतात आणि त्यांवरून घरात बोलणीही बसतात.

माती ऑक्टोबरातच आत आली पाहिजे. दुसऱ्या वर्षी हॉलची तारीख पुढे गेली आणि आम्ही डिसेंबरात माती मागवली. आलेल्या मातीत फुटबॉलएवढी गोठलेली ढेकळं होती. बॉबकॅटच्या वजनाखाली ती फुटल्यासारखी वाटली, आम्ही त्यावर रोलर फिरवला, दुसरं वळण उभं राहिलं, देखणं दिसलं. दहा दिवसांनी आतली ढेकळं वितळली. एका गुरुवारी संध्याकाळी वळणाच्या माथ्यालगत लांबच लांब भेग दिसली. दोन बोटं आत गेली. फावडं मारलं तर आत पोकळी आणि लापशी. शनिवारची शर्यत रद्द करून आम्ही साठ-सत्तर ब्रास माती उपसली. तेव्हापासून पारा शून्याखाली गेल्यावर आलेला ट्रक मी दारातूनच परत पाठवतो.

भरायला सुरुवात

कॉंक्रीट असेल तर आधी जाड प्लास्टिक किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड पसरा. प्लास्टिक असेल तर कोबा मातीतली ओल पीत नाही आणि मार्चमध्ये माती काढताना मशीनवाल्याला कुठे थांबायचं ते दिसतं. घोड्यांच्या हॉलमध्ये मूळची मऊ वाळू असते. ती मालकाची आहे, आधी एका कोपऱ्यात सरकवून झाकून ठेवा. त्यावरच ट्रॅक बांधला तर खालचा थर हलत राहील आणि वाळूही नासेल.

फाटकाची हवेची नळी, वायर, टायमिंगची केबल यांच्यासाठी प्लास्टिकचे पाइप आता टाका. माती पडल्यावर आठवून उपयोग नाही.

जमीन सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरू करते आणि दाराकडे मागे मागे येते. ट्रॅक तसाच बांधायचा. दारापासून सर्वांत लांबचं वळण पहिलं, दाराजवळचं काम शेवटी. नाहीतर शेवटचे वीस ट्रक तयार उड्यांवरून न्यायची वेळ येते. लांबच्या वळणांच्या जागी माती आधीच जास्त ओतून घ्या, कारण सर्वांत जास्त ती तिथेच लागणार.

चोपणी

मला विचाराल तर ट्रॅक बरा की वाईट हे इथेच ठरतं.

मूठभर माती घेऊन घट्ट आवळा. लाडू वळला पाहिजे. तो दोन्ही हातांनी मोडला तर सरळ दोन तुकडे झाले पाहिजेत आणि तळहात फक्त ओलसर झाला पाहिजे, माखता कामा नये. कमरेच्या उंचीवरून टाकला तर चार-सहा तुकडे व्हावेत. भुगा झाला तर कोरडी आहे, थापटून बसला तर ओली. हा वाफसा. यात मातीचे कण एकमेकांवरून घसरून जागा धरतात. कोरड्या मातीवर कितीही धुमस मारा, कण कणाला अडतो आणि मध्ये हवा राहते. फार ओली असेल तर दाब पाणीच घेतं, माती रबरासारखी खाली-वर होते. रोलरपुढे जमीन लाटेसारखी हलताना दिसली की थांबा, पसरून वाळू द्या, दुसऱ्या दिवशी या.

आजोबा खळं करायचे तेव्हा संध्याकाळी पाणी मारून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिवड्याभोवती बैल फिरवायचे. पाणी मारल्यावर लगेच बैल का नाही, हे मला लहानपणी कळायचं नाही. ओल सगळीकडे सारखी मुरायला रात्र लागते. ढिगालाही रात्रीच पाणी द्या, सकाळी बॉबकॅटने दोनदा खालीवर करा, मग भरा.

सहा ते आठ इंचांचा सैल थर, चोपा, पुढचा थर. याहून जाड घातला तर वरचे चार इंच दगड होतात आणि खाली गादी राहते. चिकण मातीला सपाट कंपनाची प्लेट फारशी उपयोगाची नाही, उड्या मारणारा रॅमर किंवा मेंढीच्या खुरांसारखे दाते असलेला रोलर हवा. थर थराला धरावा म्हणून मधल्या पृष्ठभागावर दाताळं ओढून तो खरवडा, हलका फवारा मारा, मग वरचा थर.

आकार मात्र भरून आणायचा नसतो, तासून आणायचा असतो. वळण, उडी, उंचवटा, सगळं हवं त्यापेक्षा फूटभर फाजील भरून चोपा आणि नंतर खोऱ्या-फावड्याने कापत खरा वक्र काढा. कमी पडलं म्हणून वरून चार बोटं माती थापली तर ती ठिगळासारखी उखडते, तीही नेमकी कुणीतरी टेकायच्या क्षणाला.

वळण, उडी, उंचवटे

वळणाचा कोन किती? थोडं गणित केलं की भांडणं मिटतात. आमच्या वळणाची त्रिज्या साडेसतरा फूट, म्हणजे ५.३ मीटर. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या मोठ्या मुलाला चाकाच्या पकडीवर अजिबात न विसंबता वळायचं असेल तर भिंत ५३ अंश उभी हवी. त्याच वळणावर ताशी १५ने येणाऱ्या लहानग्याला १८-१९ अंश पुरे. दोघांना एकच भिंत द्यायची आहे. म्हणून ती सरळ फळीसारखी करत नाहीत, परातीच्या कडेसारखी करतात : तळाशी जवळजवळ सपाट आणि वर चढत जाताना उभी. ज्याचा जेवढा वेग, तो तेवढा वर आपोआप जातो. प्लायवूड कापून या वक्राचा एक फर्मा करा आणि दर पाच फुटांवर लावून तासा. डोळ्यावर भरवसा ठेवला तर वळणाचा पहिला भाग एक आणि शेवटचा भाग भलताच होतो.

उडीचंही तसंच. ताशी २९च्या आसपास वेगाने, म्हणजे सेकंदाला ८ मीटर, २५ अंशांच्या ओठावरून, म्हणजे चढाच्या वरच्या टोकावरून, सुटलेली सायकल त्याच पातळीवर साधारण ५ मीटरवर येते, सोळा फूट. वर हिशेब केलेल्या टेबलटॉपचा माथा बारा फूट आहे, तेव्हा ती उताराच्या सुरुवातीलाच टेकते. टेकण्याची जागा उतारावर असावी, सपाटावर नाही, एवढं सांभाळलं की गुडघे वाचतात. जो कमी वेगाने येतो तो माथ्यावर टेकतो आणि पुढे जातो, पडत नाही. दोन ढिगाऱ्यांमध्ये खड्डा असलेली 'डबल' नवख्यांच्या ट्रॅकवर नको. मोठ्या मुलांनी कितीही हट्ट केला तरी पहिल्या वर्षी नाहीच.

उंचवट्यांच्या रांगेत उंची दीड ते दोन फूट, माथ्यापासून माथ्यापर्यंत दहा ते बारा फूट. उंची दोन-चार इंच इकडेतिकडे झाली तर चालतं, अंतर चुकलं तर लय तुटते. टेकाडाच्या पायथ्यापासून पहिल्या उडीपर्यंत निदान पन्नास फूट मोकळे ठेवा. आठ फुटांवरून पेडल न मारतासुद्धा सायकल ताशी २५पर्यंत पोचते. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर ते टेकाड आठ मीटरचं असतं आणि तोच वेग ४५ होतो. ते व्हिडिओ दाखवून पोरं उंच टेकाड मागतील, द्यायचं नाही.

फाटक

आठ रांगांचं, हवेच्या दाबावर पडणारं फाटक विकत किंवा भाड्याने घ्या. घरी वेल्डिंग करू नका. सूचना झाल्यानंतर दिवे लागेपर्यंतचा अवधी यंत्र स्वतः बदलतं, ०.१ ते २.७ सेकंदांच्या मध्ये कुठेही, म्हणजे कुणाला अंदाज बांधून आधी निघता येत नाही. फाटक पडताना त्याच्या वाटेत कुणाचा पाय नाही हे बघायला एक माणूस कायम तिथे हवा. कॉम्प्रेसर शक्य तर भिंतीपलीकडे ठेवा, हॉलमध्ये त्याचा आवाज डोकं उठवतो.

कुणाकडून चालवून बघायचं

ट्रॅक तयार झाला की क्लबातला सर्वांत वेगवान मुलगा आपणहून हेल्मेट घालून हजर असतो. त्याला जरा थांबवा. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आमच्या पहिल्या ट्रॅकवर तिसऱ्या आणि चौथ्या उंचवट्याच्या मधल्या खळग्यात अडकली. मागे जाता येईना, पुढे चढवेना. सायकलवर बसूनच तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे खड्डे कुणी केले?" मी केले होते. बाकीच्यांनी ट्रॅकची वाहवा केलेली होती, कारण त्यांच्यापैकी कुणाला तिथे पेडल मारावं लागलंच नव्हतं. त्या रात्री खळग्यांचा तळ चार इंच भरून घेतला.

तेव्हापासून पहिली फेरी सर्वांत लहान पोराची, न उडता, चाक जमिनीवर ठेवून. जिथे ते अडकेल तिथे फक्कीची खूण. दुसरी फेरी मध्यम वेगाच्या मोठ्या माणसाची, तो बहुधा कुणाचा तरी बाप असतो. हिरो तिसरा. मग चौघे एकत्र सोडा, कारण एकट्याला बरं वाटणारं वळण चौघांना अरुंद पडू शकतं. ट्रॅकच्या कडा तासून गोल करा आणि पांढरी रेघ ओढा. सरळ तुटलेली कड चाक गिळते.

रोजचं पाणी

ट्रॅक बांधायला बारा-पंधरा दिवस, सांभाळायला चार महिने. धूळ दिसायला लागली म्हणजे उशीर झाला. हॉलमधली बारीक धूळ फुफ्फुसात जाते, तिच्यात सिलिका असते, आणि पोरं तोंड उघडं ठेवून धापा टाकत असतात. झाडू कोरडा मारायचा नाही. कामकऱ्यांना साधा फडका पुरत नाही, एन-९५ मास्क द्या.

आमचा क्रम असा : सराव संपला की सैल माती झाडून काढायची, चाकांनी पडलेल्या चऱ्या खरवडून, भिजवून, चोपून भरायच्या आणि मग पाणी. एकदम लोंढा नाही. बारीक फवारा, अर्धा तास थांबा, परत फवारा, असं तीनदा. उड्यांचे ओठ आणि वळणांचे माथे हीटरच्या वाऱ्याने आधी वाळतात, त्यांना एक हात जास्त. खळग्यांत पाणी आपणच उतरतं, तिथे कमी. शेवटी सर्वांत नाजूक ओठांवर ओलं गोणपाट टाकून दिवे बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचेने दाबून बघायचं. टाच उमटली पण बुटाला माती आली नाही, तर दार उघडा.

कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मारलं तर हवेतली ओल मातीत धरून राहते, पाणी कमी लागतं. पण ते लोखंड खातं, हॉलचंही आणि सायकलींच्या चेनचंही. मालकाने लेखी हो म्हटल्याशिवाय विचार करू नका. आम्ही वापरत नाही.

मार्चअखेरीस माती काढताना ती फेकू नका. वाईट खडे, फोमचे तुकडे, तुटलेली पेडलं वेगळी काढून तीच बाहेर ढीग करून ठेवली तर पुढच्या वर्षी शंभर ट्रक वाचतात, आणि एकदा चोपून झालेली, आपल्या हाताला ओळखीची झालेली माती नव्या मातीपेक्षा लवकर बसते. ढिगाचा माथा सपाट ठेवू नका, छपरासारखा उतार द्या, वर ताडपत्री टाका. ताडपत्रीच्या कडांवर आम्ही जुने टायर ठेवतो. पहिल्या वर्षी विटा ठेवल्या होत्या, एप्रिलच्या एका वादळात ताडपत्री पुढच्या शेतात गेली.